विश्लेषण : गाडी रद्द नाही, पण दादरपर्यंतही नाही! तोडलेल्या गाड्यांचा हिशेब कोण ठेवणार?

गाडी रद्द झाली की तिची बातमी होते, तिकिटाचे पैसे परत मिळतात, चौकशी खिडकीवर निदान आवाज तरी उठतो. पण तीच गाडी दोन स्थानके आधी थांबवली किंवा तिचे तीन-चार डबे कमी केले, तर रेल्वेच्या दप्तरी ती 'चालू' असते. कोकणच्या पॅसेंजर गाडीचे करोनानंतर असेच झाले. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्यापर्यंत मागे आली आणि तिच्या प्रवाशांना आधीच तुडुंब असलेल्या लोकलच्या भरवशावर सोडण्यात आले. वरवर पाहता हा एका गाडीचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात रेल्वे आपली सेवा कशी मोजते, याचा तो प्रश्न आहे.

नेमके काय बदलले?

मार्च २०२०मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. त्यानंतर गाड्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पण सर्व जुन्या रूपात परतल्या नाहीत. याच काळात रेल्वेने आयआयटी मुंबईच्या मदतीने 'शून्याधारित वेळापत्रक' तयार केले. कमी प्रतिसादाच्या गाड्या आणि थांबे कमी करायचे, लांब पल्ल्याच्या पॅसेंजरना एक्स्प्रेसचा दर्जा द्यायचा आणि मार्ग मोकळे करायचे, असा त्यामागचा विचार होता.

कोकणच्या वाट्याला त्यातून काय आले? दादर-रत्नागिरी पॅसेंजर दिवा-रत्नागिरी झाली. दिवा-सावंतवाडी गाडी कागदावर एक्स्प्रेस झाली. पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. अनावश्यक प्रवास टाळण्यासाठी हे केले, असे तेव्हा सांगण्यात आले. फेब्रुवारी २०२४मध्ये भाडे पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. दादर मात्र भाड्याबरोबर परत आले नाही.

तीसेक किलोमीटरने असा काय फरक पडतो?

दादर ते रत्नागिरी या अंतरातील दिव्यापर्यंतचा तुकडा साधारण दहावा भाग आहे. नकाशावर तो किरकोळ दिसतो. पण दादर हे पश्चिम आणि मध्य रेल्वेला जोडणारे स्थानक आहे. वसई, विरार, बोरिवली, अंधेरीचा चाकरमानी एकदा लोकल बदलून थेट पॅसेंजरमध्ये बसत होता. आता त्याला दादरला उतरून पूल चढायचा, मध्य रेल्वेची लोकल पकडायची आणि दिव्याला पुन्हा उतरायचे. सोबत म्हातारी आई, लहान मूल आणि दोन पिशव्या असतील तर हा दहावा भागच सगळ्या प्रवासात जड जातो.

सावंतवाडीची गाडी दिव्याहून सकाळी लवकर सुटते. ती गाठायची तर पश्चिम उपनगरातील माणसाला पहाटेची पहिली लोकल पकडावी लागते, नाही तर आदल्या रात्रीच कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करावा लागतो. परतीच्या प्रवासात याच्या उलट घडते. आठ-नऊ तास बसून किंवा उभे राहून आलेली माणसे तांदळाची गोणी आणि आंब्याच्या पेट्या घेऊन दिव्याच्या फलाटावर उतरतात. तिथून पुढे लोकलमध्ये सामानासह शिरणे हे धाडसच आहे. दिवा-मुंब्रा या पट्ट्यातली गर्दी किती जीवघेणी आहे, हे ९ जून २०२५च्या दुर्घटनेने दाखवले. त्या दिवशी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातील काहींना जीव गमवावा लागला. अशा ठिकाणी एका अख्ख्या गाडीचे प्रवासी उतरवणे हा केवळ गैरसोयीचा मुद्दा राहत नाही.

मग एक्स्प्रेसने का जात नाहीत?

कारण एक्स्प्रेस त्यांच्या गावाला थांबत नाही. गोरेगाव रोड, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, अंजनी, कामथे, आरवली रोड, उक्षी, भोके ही नावे वेगवान गाड्यांच्या प्रवाशांनी खिडकीतून वाचलेली असतात. त्या गावांसाठी पॅसेंजर हीच रेल्वे आहे. तालुक्याच्या दवाखान्यात जाणारा रुग्ण, महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि बाजाराला निघालेली बाई यांच्यासाठी दहा-वीस रुपयांचे तिकीट हाच परवडणारा प्रवास आहे.

सणांच्या विशेष गाड्यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०२५च्या गणेशोत्सवात रेल्वेने ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या. ही संख्या मोठी आहे आणि त्याचे श्रेय रेल्वेला द्यायलाच हवे. पण गणपती दहा दिवसांचे असतात. कामथ्याच्या माणसाला फेब्रुवारीतल्या मंगळवारीही चिपळूणला जायचे असते.

रेल्वेचे म्हणणे काय?

रेल्वेची बाजू पोकळ नाही. कल्याण-मुंबई मार्गावर लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या एकाच वाटेवर दाटीने धावतात. दादरला फलाट मोजके आहेत. पॅसेंजर उशिरा आली की तिच्यामुळे लोकलचे वेळापत्रक कोलमडते. त्यात रोह्याच्या पुढचा कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरचे दुहेरीकरण २०२१मध्ये झाले, त्यापुढे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते. वंदे भारत, राजधानी, तेजस यांना वाट देत पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी राहते आणि उशीर वाढत जातो.

पैशांचा मुद्दाही आहे. प्रवाशाला १०० रुपयांची सेवा देताना त्याच्याकडून सरासरी ५४ रुपयेच घेतले जातात, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२४मध्ये सांगितले. सगळ्यात स्वस्त गाडीत हा तोटा अधिक असणार, हे उघड आहे.

तरीही काही प्रश्न उरतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली. म्हणजे दिवा ते कुर्ला या टप्प्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वेगळी वाट आहे. खरी कोंडी कुर्ल्याच्या पुढे आहे, कारण कुर्ला-परळ दरम्यानचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. मग दादर शक्य नसेल तर ठाणे किंवा लोकमान्य टिळक टर्मिनस का नाही? दिव्यापर्यंतच मागे का यायचे?

प्रवासी संघटना आणखी एक प्रश्न विचारतात. पॅसेंजरला दादरला जागा नाही, मग उत्तर भारतात जाणाऱ्या विशेष गाड्यांना ती कशी मिळते? या वादाला प्रांतीय रंग देणे सोपे आहे, पण त्याने हाती काही लागणार नाही. गोरखपूरच्या गाडीत शौचालयाच्या दाराशी बसून दीड दिवस काढणारा मजूर आणि दिव्याला लोकलच्या दारात लोंबकळणारा कोकणी माणूस एकाच धोरणाचे बळी आहेत. दोघांनाही स्वस्त तिकिटात जागा हवी आहे आणि ती दोघांनाही मिळत नाही.

दरडी, पाऊस, ब्लॉक यांचे काय?

काही रद्द गाड्यांबद्दल तक्रार करणे अन्यायाचे ठरेल. १४ जुलै २०२४ रोजी दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळली आणि वाहतूक सुमारे एक दिवस बंद राहिली. त्याआधीच्याच आठवड्यात पेडणे बोगद्यात पाणी शिरले होते. अशा वेळी गाडी न सोडणे हेच शहाणपण. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करून वेगळे वेळापत्रक लावते, तेही सुरक्षेसाठीच. मे-जून २०२४मध्ये ठाण्यात ६३ तासांचा आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक घेतला गेला, त्यात लोकलच्या ९३० फेऱ्या रद्द झाल्या. फलाट रुंद आणि लांब करायचे तर काही दिवस त्रास सोसावा लागतो, हे प्रवाशालाही कळते.

पण त्या कामासाठी मंगळूरु एक्स्प्रेस ठाण्यापर्यंत आणि तेजस, जनशताब्दी दादरपर्यंत 'तात्पुरत्या' आणल्या गेल्या, तेव्हा मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. खरी अडचण इथे आहे. दरडीमुळे रद्द झालेली गाडी दरड हटली की धावते. सोयीसाठी तोडलेल्या गाडीला परत जोडण्याची तारीखच नसते. आधी महिना म्हणून सांगतात, मग तिमाही, आणि एके दिवशी नव्या वेळापत्रकात तोच तिचा कायमचा मार्ग म्हणून छापला जातो.

तोडलेली गाडी आकडेवारीत का दिसत नाही?

रेल्वेचा वक्तशीरपणा मुख्यतः गाडी शेवटच्या स्थानकात किती वाजता पोहोचली यावरून ठरतो. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे 'कॅग'ने २०२१च्या २२ क्रमांकाच्या अहवालात याच पद्धतीवर बोट ठेवले. मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा वक्तशीरपणा २०१२-१३मधील ७९ टक्क्यांवरून २०१८-१९मध्ये ६९.२३ टक्क्यांवर घसरल्याचेही त्यात नोंदवले आहे.

आता रत्नागिरी पॅसेंजरचे गणित करा. दादर शेवटचे स्थानक असताना दिव्यापुढच्या कोंडीत गाडीचा वेळ गेला की उशीर नोंदला जायचा. दिवा शेवटचे स्थानक ठरले की ती कोंडी गाडीच्या हिशेबातून गायब होते. गाडी दिव्याला वेळेत आली, वक्तशीरपणा सुधारला! प्रवासी मात्र दादरला पूर्वीपेक्षा उशिराच पोहोचतो, कारण मधला वेळ आता त्याचा स्वतःचा आहे. रेल्वे गाड्या मोजते, प्रवास मोजत नाही.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये रेल्वेचे नियामक कार्यालय रद्द गाड्यांची जी आकडेवारी प्रसिद्ध करते, तीत पूर्ण रद्द गाडीला एक गुण आणि अंशतः रद्द गाडीला अर्धा गुण धरला जातो. म्हणजे तोडलेली गाडी लपत नाही. तरी कंपन्यांनी पळवाट शोधलीच. आदल्या रात्री वेळापत्रकातूनच गाडी काढून टाकली की ती रद्द गाड्यांत धरली जात नसे. उत्तर इंग्लंडमधील ट्रान्सपेनाइन एक्स्प्रेस या कंपनीच्या अशा गाड्या इतक्या वाढल्या की नियामकाने ही आकडेवारीही उघड करायला लावली. मे २०२३मध्ये त्या कंपनीकडून सेवा काढून घेऊन सरकारने स्वतःकडे घेतली. मोजणी प्रामाणिक झाली की जबाबदारी टाळणे अवघड होते, हा यातला धडा आहे.

डबे कमी झाले तर कुठे नोंद होते?

प्रवाशाला कळेल अशी ती कुठेच होत नाही. साध्या जुन्या पद्धतीच्या सामान्य डब्यात ९० आसने असतात. समजा एखादी गाडी तीन डबे कमी लावून सोडली, तर २७० माणसांची बसायची जागा गेली. तिकिटे मात्र तेवढीच विकली जातात, कारण अनारक्षित तिकिटाला मर्यादाच नाही. ते तिकीट म्हणजे प्रवासाचा परवाना आहे, जागेची हमी नाही.

कायदा वेगळे सांगतो. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम ५७नुसार प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी असावेत, हे रेल्वेने ठरवायचे आणि डब्यावर लिहायचे आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये नवी दिल्ली स्थानकातील चेंगराचेंगरीत १८ जणांचा मृत्यू झाल्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमावरून रेल्वेला प्रश्न विचारले. आसनांची संख्या डब्यावर रंगवलेली असते, पण तिच्या दुप्पट-तिप्पट माणसे आत असताना त्या पाटीला काय अर्थ राहतो? उद्या सकाळपासून हे कलम काटेकोर लागू करा, असे कुणी म्हणणार नाही. तसे केले तर निम्मे प्रवासी फलाटावरच राहतील. पण ठरलेले डबे रोज लागले की नाही, एवढे तरी सांगायला हरकत नसावी.

प्रवाशाला पैसे परत मिळतात का?

- गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटाचे सर्व पैसे आपोआप परत येतात. खिडकीवरच्या तिकिटासाठी खिडकीवरच जावे लागते.
- गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मिळतो. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर अर्ज भरावा लागतो.
- गाडी मध्येच संपवली तर परतावा आपोआप येत नाही, त्यासाठीही टीडीआर भरावा लागतो.
- मासिक पासधारकाला एखाद्या दिवशी गाडी आली नाही म्हणून काहीही मिळत नाही.

सर्वाधिक त्रास ज्याला होतो त्याच्यासाठी सर्वात कमी तरतूद, असा हा क्रम आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार एक ते दोन तासांच्या उशिरासाठी भाड्याच्या २५ टक्के आणि त्याहून अधिक उशिरासाठी ५० टक्के भरपाई मिळते, तीही प्रवास पूर्ण केल्यावर. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१मध्ये मोठे पाऊल टाकले. अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोहोचल्याने विमान चुकलेल्या प्रवाशाला ३० हजार रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. उशिराची कारणे आपल्या हाताबाहेरची होती हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, अन्यथा ती जबाबदार, हे त्यातले तत्त्व. पण वीस रुपयांच्या तिकिटासाठी कोण ग्राहक न्यायालयात जाणार?

दाद मागायची कुणाकडे?

इथे 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण तंतोतंत लागू पडते. दिवा ते रोहा मार्ग मध्य रेल्वेचा, रोह्यापुढचा कोकण रेल्वे महामंडळाचा. दादरला फलाट द्यायचा की नाही, हे मध्य रेल्वे ठरवते. गाडीचे बहुतेक प्रवासी महामंडळाच्या हद्दीत राहतात. एकीकडे गेले की दुसरीकडे बोट दाखवले जाते.

महामंडळाची स्थापना १९९०मध्ये झाली, तेव्हा केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५ आणि गोवा व केरळचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. राज्यांनी पैसे घातले आणि कोकणातल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, तेव्हा १९९८मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. आता महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्रानेही २०२५मध्ये संमती दिली. विलीनीकरणामुळे दुहेरीकरणाला निधी मिळेल, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्या वाटाघाटीत स्थानिक गाड्यांची किमान सेवा लिहून घेतली नाही, तर दुहेरी झालेल्या मार्गावरूनही वेगवान गाड्याच आधी धावतील.

मग करायचे काय?

नव्या गाडीची मागणी दरवर्षी होते, निवेदने दिली जातात, फोटो छापून येतात. त्याआधी चार कमी खर्चाच्या गोष्टी मागायला हव्यात.

पहिली, प्रत्येक विभागाने दर महिन्याला तीन आकडे प्रसिद्ध करावेत : पूर्ण रद्द गाड्या, अंशतः रद्द गाड्या आणि ठरल्यापेक्षा कमी डबे लावून सोडलेल्या गाड्या. ही माहिती नियंत्रण कक्षात रोज नोंदली जातेच, ती फक्त बाहेर यायला हवी.

दुसरी, 'तात्पुरत्या' बदलाला अखेरची तारीख असावी. ती उलटली की गाडी आपोआप मूळ स्थानकापर्यंत जावी. मुदत वाढवायची असेल तर कारणासह प्रवासी सल्लागार समितीपुढे ठेवावे.

तिसरी, गाडी तोडली तर त्याच तिकिटावर मूळ स्थानकापर्यंत लोकलने जाता यावे आणि पासधारकाला बुडालेल्या दिवसांची मुदत वाढवून मिळावी. यासाठी रूळ टाकावे लागत नाहीत, एक परिपत्रक पुरते.

चौथी, दादर जमत नसेल तर ठाणे किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत गाडी नेण्याचा पर्याय मध्य रेल्वेने तपासावा आणि जमत नसेल तर का जमत नाही, हे वेळापत्रकाच्या आधाराने सांगावे. 'वक्तशीरपणा बिघडतो' एवढे उत्तर पुरेसे नाही. कुणाचा वक्तशीरपणा, हा प्रश्न आहे. गाडीचा सुधारला आणि प्रवाशाचा बिघडला, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

कोकणात आता विजेवर धावणारी रेल्वे आहे, वंदे भारत आहे, काचेच्या छताचा डबाही आहे. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण रेल्वे एखाद्या प्रदेशाची झाली की नाही, हे तिथल्या सर्वात लहान थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचे असते. त्याची गाडी रद्द झालेली नाही, असे आज रेल्वे त्याला सांगते आणि ते खरेही आहे. ती फक्त त्याला जिथे जायचे असते तिथपर्यंत जात नाही. हे वाक्य रेल्वेच्या आकडेवारीत नोंदले जाईल, त्या दिवशी पॅसेंजरच्या दादरपर्यंतच्या प्रवासाला खरी सुरुवात होईल.